बीजगणित पहिल्यापासून शिकायचंय, नक्की काय वापरू? (वय ४१, मराठी माध्यम, १७ नंबर फॉर्म)

डबेवाली_सांगली
नमस्कार मंडळी, इथं बरीच वर्षं नुसती वाचत असते, लिहायची ही पहिलीच वेळ. माझी शाळा नववीनंतर सुटली, मग लग्न, मुलगा, आणि आता गेली अकरा वर्षं मेस चालवते, रोज चाळीसेक डबे जातात. मुलगा इंजिनिअरिंगला गेला आणि घर रिकामं झालं तसं डोक्यात बसलं की १७ नंबरचा फॉर्म भरून बाहेरून दहावी द्यायचीच. मराठी, इतिहास वगैरे होईल, भूमिती आकृती काढली की थोडीफार कळते, पण बीजगणिताचं पुस्तक उघडलं की पोटात गोळा येतो. मुलाने मोबाईलमध्ये तीन ॲप टाकून दिलेत, दिरांनी जुनं गाईड आणून दिलं, शेजारची मुलगी रोज एक युट्यूबची लिंक पाठवते आणि मी दर आठवड्याला काहीतरी नवीन सुरू करते आणि दुसऱ्या धड्यात अडकून सोडते. दोन महिने असेच गेले. दुपारी २ ते साडेतीन एवढाच वेळ मिळतो. फार पैसे घालायचे नाहीत. काय घेऊ आणि काय टाकून देऊ ते सांगा. हसू नका.

कोथरूडचा_कोडर
ताई हसायचं काय त्यात, भारीच. फुकटात भरपूर आहे. बालभारतीची सगळी पुस्तकं ई-बालभारतीच्या साइटवर पीडीएफ मिळतात. पुस्तकातला क्यूआर कोड स्कॅन केला की दीक्षा ॲपवर त्या धड्याचे व्हिडिओ. खान अकॅडमी फुकट आणि जाहिराती नाहीत. आलेख बघायला डेसमॉस नाहीतर जिओजेब्रा. एनसीईआरटीची पुस्तकं आणि त्यांचे एक्झेम्पलरचे प्रश्न, तेही पीडीएफ फुकट. एनआयओएसचं (राष्ट्रीय मुक्त विद्यालयाचं) मटेरियल पण बघा.

डबेवाली_सांगली
दादा धन्यवाद, पण हे तर तीनाचे आठ झाले.

मिरजेची_माहेरवाशीण
हाहा, कोडर, त्यांना दुकान दाखवू नको, काय घ्यायचं ते सांग.

निवृत्त_मास्तर
मी विदर्भात माध्यमिक शाळेत गणित शिकवत होतो. ताई, पुस्तक नंतर सांगतो. आधी ही चार उदाहरणं कागदावर करा, कुणाला विचारू नका, आलेली उत्तरं जशी असतील तशी इथं टाका. खाडाखोड केलीत तर तेही सांगा.
एक, उणे ७ अधिक ३.
दोन, ३/४ + १/६.
तीन, ८ + ४ = ▢ + ५, चौकटीत काय येईल.
चार, ५ − २(क्ष − ३) चा कंस सोडवा.
(पुस्तकात इंग्रजी एक्स असतो, मी क्ष लिहितो कारण एक तर सवय आणि दुसरं म्हणजे मोबाईलवर कीबोर्ड बदलायचा कंटाळा.)

डबेवाली_सांगली
सर केली.
१) उणे ४
२) ११/१२
३) १२
४) ५ − २क्ष − ६ म्हणजे उणे १ उणे २क्ष
दुसरं पटकन आलं, पावशेर अर्धा किलो रोजचंच आहे.

निवृत्त_मास्तर
छान, आता बोलता येईल. तुमचे अपूर्णांक पक्के आहेत, दहावीच्या निम्म्या मुलांचे नसतात. अडचण तिसऱ्यात आणि चौथ्यात आहे आणि खरं म्हणजे दोन्हीचं मूळ वेगळं आहे.
तिसऱ्यात तुम्ही ८ आणि ४ ची बेरीज करून १२ लिहून मोकळ्या झालात. म्हणजे बरोबरचं चिन्ह तुम्हाला "आता उत्तर लिहा" असं सांगतं. प्राथमिक शाळेत आपण सगळ्यांनी तसंच वापरलंय, त्यामुळे दोष तुमचा नाही. पण बीजगणितात ते चिन्ह म्हणजे तराजूचा काटा. डावीकडे १२ आहेत, तर उजवीकडेही १२ हवेत, ५ आधीच ठेवलेत, म्हणून चौकटीत ७. हे बसलं नाही तर दहावीचा पहिला धडा, दोन चलांतील रेषीय समीकरणं, म्हणजे नुसती मंत्रपुष्पांजली, शब्द पाठ अर्थ नाही.
चौथ्यात बाहेरचा उणे २ आतल्या उणे ३ लाही भेटतो, म्हणून अधिक ६, एकूण ११ − २क्ष.
म्हणून दहावीचं पुस्तक सध्या कपाटात ठेवा. सहावीच्या पुस्तकातला समीकरणांचा धडा, सातवीतला बैजिक राशींचा, आठवीतले विस्तार सूत्रे, अवयव आणि एकचल समीकरणे. एवढेच धडे, अख्खी पुस्तकं नव्हेत. मग नववी, मग दहावी.

बार्शीचा_क्लासवाला
मास्तरांचा आदर आहे पण ताईंना परीक्षा द्यायची आहे, सहावीपासून करत बसल्या तर दोन वर्षं जातील. भाग १ म्हणजे बीजगणिताचा पेपर ४० मार्कांचा, दोन तासांचा. भूमितीचे ४०, अंतर्गत २०, मिळून शंभरात ३५ काढायचेत. सहाच धडे आहेत. अर्थनियोजन, संभाव्यता, सांख्यिकी हे तीन आधी करा, त्यात क्ष य फारसं नाही. मागच्या प्रश्नपत्रिका पाच वेळा सोडवा. आणि समीकरणात एकच नियम लक्षात ठेवा, बाजू बदलली की चिन्ह बदलतं. माझी मुलं यावरच निघतात.

निवृत्त_मास्तर
क्रमाबद्दल तुमचं बरोबर आहे, ताईंनी अर्थनियोजन आधीच घ्यावं, जीएसटी त्यांना माझ्यापेक्षा जास्त कळत असेल. पण "बाजू बदलली की चिन्ह बदलतं" या वाक्याने मी तीस वर्षं पेपर तपासताना डोक्याला हात लावलाय. ३क्ष = १२ दिलं की पोरं लिहितात क्ष = १२ − ३. का, तर ३ पलीकडे गेला, चिन्ह बदललं! त्यांनी नियम पाळलाच आहे. कशाने गुणलंय, कशाने भागायचं, दोन्ही पारड्यांत एकच गोष्ट करायची, हे कुणी सांगितलंच नाही.

बार्शीचा_क्लासवाला
ती चूक होते हे मान्य. पण साठ पोरं, चाळीस मिनिटं आणि बाहेर पुढची बॅच उभी असते सर.

निवृत्त_मास्तर
तेही खरंच म्हणा.

न्यूजर्सीची_आई
मी लेकाबरोबर खान अकॅडमीवर आल्जिब्रा केलाय म्हणून लिहिते. व्हिडिओपेक्षा तिथले सराव प्रश्न चांगले. पण एक धोका, हिंट दाबली की एकेक पायरी उलगडते आणि आपल्याला वाटतं आपल्यालाच येत होतं. माझा मुलगा महिनाभर हिरवे टिकमार्क गोळा करत होता आणि कोरा कागद समोर ठेवला तर पेन हलेना. मग आम्ही नियम केला, आधी वहीत पूर्ण सोडवायचं आणि मगच स्क्रीनवर उत्तर टाकायचं.
दुसरं, ताई मराठी माध्यमाच्या आहेत आणि नेटवरचं बरंचसं इंग्रजीत. बालभारतीचं मराठी आणि इंग्रजी माध्यमाचं गणिताचं पुस्तक सारखंच असतं, तेच धडे तीच उदाहरणं. दोन्ही पीडीएफ उतरवून शेजारी शेजारी ठेवा, कोएफिशंट म्हणजे सहगुणक, व्हेरिएबल म्हणजे चल, हे आपोआप कळत जातं. सेमी इंग्लिशच्या पालकांनाही उलट बाजूने हेच उपयोगी पडेल, मुलगी सायमल्टेनियस म्हणते आणि बापाला एकसामायिक आठवतं, दोघं एकमेकांकडे बघत बसतात.

कोथरूडचा_कोडर
+१. शेवटचं आमच्या घरचंच वर्णन.

डबेवाली_सांगली
मास्तर, तीन दिवस सहावीचा धडा केला. लाज सोडून. मेसमध्ये तराजू आहेच, त्यावर वाट्या ठेवून केलं, कामाची बाई म्हणाली ताई बरं आहे ना.
एक विचारते. गुरुवारचा हिशोब लावत होते. फुल डबा ९० चा, हाफ ६० चा. पोरगा म्हणाला ४२ डबे दिले आणि ३२४० रुपये आणले. किती फुल किती हाफ ते त्याने लिहिलंच नाही. मी नेहमी असं करते की सगळे हाफच गेले असं धरायचं, ४२ गुणिले ६० म्हणजे २५२०. वर आले ७२०. फुलमागे ३० जास्त, म्हणून २४ फुल आणि १८ हाफ. हे बीजगणितात येतं का? की हे वेगळं?

निवृत्त_मास्तर
ताई! हा दहावीचा पहिला धडा आहे.
फुल डब्यांची संख्या क्ष, हाफ डब्यांची य.
क्ष + य = ४२
९०क्ष + ६०य = ३२४०
आता "सगळे हाफ धरले" म्हणजे काय केलंत? पहिल्या समीकरणाला ६० ने गुणलंत, ६०क्ष + ६०य = २५२०. मग दुसऱ्यातून ते वजा केलंत, य गेला, राहिलं ३०क्ष = ७२०, क्ष = २४. पुस्तक याला लोप पद्धत म्हणतं, य चा लोप केला म्हणून. तुम्ही अकरा वर्षं रोज रात्री लोप पद्धत करताय आणि दोन महिने त्याच धड्याला घाबरून पुस्तक मिटताय.

मिरजेची_माहेरवाशीण
अंगावर काटा आला. वाचनखूण साठवली.

चाळीसगावकर
मध्येच घुसतो. आमच्याजवळ पाटणे गावात शिलालेख आहे, भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांचे ग्रंथ शिकवायला मठ काढला त्याचा. तर त्या भास्कराचार्यांच्या 'बीजगणिता'त क्ष य नाहीतच. पहिल्या अज्ञात संख्येला यावत्-तावत् म्हणजे जितकं-तितकं, आणि पुढच्यांना रंगांची नावं, कालक, नीलक, पीतक. काळा निळा पिवळा. ताईंनी क्ष ऐवजी रंग लिहिले तरी परंपरेला धरूनच होईल.

डबेवाली_सांगली
अहो माझ्या फुल डब्यांना लाल झाकण आणि हाफला निळं! लाल + निळा = ४२ असंच लिहू का मग?

निवृत्त_मास्तर
लिहा, पण एक सांभाळा, इथं भलेभले घसरतात. लाल म्हणजे लाल डबा नव्हे, लाल डब्यांची संख्या. "३ आंबे आणि २ केळी म्हणजे ३आ + २के" असं शिकवणारे आहेत, मुलांना पटकन पटतंही, पण मग आ गुणिले के आलं की मूल विचारतं आंबा गुणिले केळी म्हणजे काय, शिकरण? अक्षर नेहमी संख्येच्या जागी उभं असतं. ९० लाल म्हणजे नव्वद डबे नाहीत, जितके लाल तितक्यांचे पैसे.

पणजीकार
शिकरण!!

कोथरूडचा_कोडर
ताई, फोटो काढला की उत्तर देणारी ॲप्स मुलाने टाकली असतील, फोटोमॅथ वगैरे. मत काय लोकांचं?

बार्शीचा_क्लासवाला
पोरं होमवर्क त्यातूनच उतरवून आणतात. एका पोराने वर्गविस्ताराचं उत्तर अशा पद्धतीने सोडवून आणलं जी मी शिकवलीच नव्हती, विचारलं तर म्हणे सुचलं.

न्यूजर्सीची_आई
स्वतः सोडवून झाल्यावर कुठल्या ओळीत चुकलं ते शोधायला ठीक. आधी नाही. आणि चॅटबॉटचं सांगायचं तर माझ्या मुलाला एकाने कंस सोडवताना चिन्ह चुकवून वर छान स्पष्टीकरणही दिलं होतं. आपल्याला येत असेल तरच ती चूक दिसते, हाच तर घोळ आहे.

डबेवाली_सांगली
दिरांचं गाईड पण असंच निघालं. वर्गसमीकरणाच्या एका गणितात माझं उत्तर आणि गाईडचं जुळेना, दोन दुपारी गेल्या, मी चुकले म्हणून परत परत करत राहिले. शेवटी बालभारतीच्या पुस्तकात मागे उत्तरसूची आहे ती बघितली तर माझंच बरोबर. त्या दिवशी गाईड रद्दीत घातलं. (नाव विचारू नका.)

बार्शीचा_क्लासवाला
रद्दीत कशाला, गाईड पायऱ्या कशा मांडायच्या ते बघायला चांगलं असतं. पायऱ्यांना मार्क आहेत.

पणजीकार
पुढच्या पायरीसाठी दोन नावं सुचवू का, ताईंना आत्ता नकोत पण धागा बाकीचेही वाचतात. हुशार आठवी-नववीच्या मुलांसाठी गेल्फंड आणि शेन यांचं 'आल्जिब्रा', पातळसं पुस्तक आहे, पण काही गणितांवर रात्र जाते. आणि पेरेलमनचं 'आल्जिब्रा कॅन बी फन', मीर प्रकाशनाचं, रशियन पुस्तकं स्वस्तात मिळायची तेव्हाचं. मला अप्पा बळवंत चौकात जुन्यात मिळालं होतं, पहिल्या पानावर कुणाचं तरी वाढदिवसाचं अभिनंदन लिहिलेलं.

कोथरूडचा_कोडर
मराठीत मंगला नारळीकरांचं 'गणिताच्या सोप्या वाटा' पण यादीत घ्या.

निवृत्त_मास्तर
अनुमोदन. पण ताई, तुम्ही आत्ता काही घेऊ नका. बालभारती, एक दोनशे पानी वही, आणि तो तराजू. दीक्षावरचा व्हिडिओ फक्त जिथं अडेल तिथं बघा, एका बैठकीत एकच. बाकी ॲप काढून टाका, मुलाला वाईट वाटलं तर मला फोन करायला सांगू नका.

डबेवाली_सांगली
दीड महिन्याने लिहितेय. श्रावणात उपवासाचे डबे वेगळे, त्यामुळे आठ दिवस वहीला हात लागला नाही.
सहावी, सातवीचे धडे झाले. आठवीत (अ + ब) चा वर्ग पाठ होता पण मधलं २अब कुठून येतं ते कळत नव्हतं. मग नारळाच्या वड्यांच्या ट्रेवर कळलं. १३ बाय १३ वड्या पाडल्या, दहावर एक उभी आणि एक आडवी रेघ मारली. एका कोपऱ्यात १० बाय १० म्हणजे शंभर, समोरच्या कोपऱ्यात ३ बाय ३ म्हणजे नऊ, आणि उरलेल्या दोन पट्ट्या तीस तीसच्या. त्या दोन पट्ट्या म्हणजे २अब! एवढी वर्षं मी त्या पट्ट्या टाकूनच देत होते. शंभर आणि नऊ एकशेनऊ म्हणायचे, आणि वड्या तर १६९.
अर्थनियोजन चार दिवसात झालं, क्लासवाले दादांचं ऐकलं. श्रेढी ठीक. आता वर्गसमीकरणं. अवयव पाडून जमतात, पण अवयव सुचले नाहीत की गाडी थांबते. पूर्णवर्ग पद्धतीत अपूर्णांक येऊन पान भरतं. आणि ते मोठं सूत्र पाठ केलंय पण विश्वास बसत नाही.

चाळीसगावकर
यावर श्रीधराचार्यांची युक्ती आहे, ती आपल्याला कळली भास्कराचार्यांमुळे, त्यांनी नाव घेऊन दिलीय. अपूर्णांक येऊच द्यायचे नाहीत. क्षवर्गाचा सहगुणक जो असेल त्याच्या चौपटीने आधीच सगळं गुणून टाकायचं.
२क्षवर्ग + ५क्ष − ३ = ० घ्या. २ ची चौपट ८, आठाने गुणा:
१६क्षवर्ग + ४०क्ष = २४
आता मधल्या ५ चा वर्ग, २५, दोन्हीकडे मिळवा:
१६क्षवर्ग + ४०क्ष + २५ = ४९
डावीकडे काय दिसतंय?

डबेवाली_सांगली
थांबा सांगू नका.
(४क्ष + ५) चा वर्ग. १६ आणि २५ कोपऱ्यातले आणि २०, २० च्या दोन पट्ट्या!
मग ४क्ष + ५ = ७, ४क्ष = २, क्ष = १/२.

निवृत्त_मास्तर
आणि दुसरं?

डबेवाली_सांगली
दुसरं कुठलं

निवृत्त_मास्तर
कुणाचा वर्ग ४९ असतो?

डबेवाली_सांगली
उणे ७! मग ४क्ष = उणे १२, क्ष = उणे ३. घालून बघते. २ गुणिले ९ म्हणजे १८, वजा १५, वजा ३, शून्य. बरोबर.

बार्शीचा_क्लासवाला
ही पद्धत माझ्या बॅचला उद्या दाखवतो. फक्त ताई, पेपरात "पूर्णवर्ग पद्धतीने सोडवा" असं स्पष्ट आलं तर पुस्तकातल्या पायऱ्यांनीच लिहा, तपासणारा कोण असेल सांगता येत नाही.

मिरजेची_माहेरवाशीण
माझी मुलगी सातवीत आहे, काल तिला ८ + ४ = ▢ + ५ घातलं. १२ म्हणाली. नवऱ्याला घातलं. तोही १२ म्हणाला, सीए आहे.

कोथरूडचा_कोडर
हाहाहा. बायकोने मला घातलं होतं, मी धागा वाचलाय हे तिला माहीत नव्हतं.

डबेवाली_सांगली
मास्तर एक राहिलंच. उणे ३ चा वर्ग अधिक ९ लिहिला मी, पण का ते विचारलं तर सांगता यायचं नाही. उणे गुणिले उणे अधिक हे पाठ आहे नुसतं. मुलाला फोनवर विचारलं तर म्हणाला नियमच आहे तो.

निवृत्त_मास्तर
तुमच्या वहीतूनच सांगतो. किराणावाल्याचं तुमच्याकडून ६० रुपये येणं आहे अशी एक चिठ्ठी म्हणजे तुमच्या बाजूने उणे ६०. अशा तीन चिठ्ठ्या आल्या, अधिक ३ गुणिले उणे ६०, तुम्ही १८० ने खाली. बरोबर? आता त्यातल्या तीन चिठ्ठ्या त्याने फाडून टाकल्या. चिठ्ठ्या गेल्या म्हणून उणे ३, प्रत्येक चिठ्ठी उणे ६० ची. उणे ३ गुणिले उणे ६०. तुम्ही कुठं गेलात?

डबेवाली_सांगली
१८० ने वर! कळलं सर, एकदम कळलं. पण तो फाडत नाही हो कधी.